आधी तर्री, मग राइड!

आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण फ्लोरिडाचं डिस्ने वर्ल्ड करून आली आणि पुढचे पंधरा दिवस कँटीनमध्ये एकच विषय. राइड्स नव्हे, ब्रेकफास्ट! मिकीच्या तोंडाच्या आकाराचं वॉफल, त्यावर सिरप, आणि तुम्ही पहिला घास घेताय तोच खुद्द मिकी टेबलापाशी हजर. हात मिळवतो, गळ्यात पडतो, फोटो काढू देतो. 'कॅरेक्टर ब्रेकफास्ट' म्हणतात म्हणे याला. १९७१ मध्ये सुरू झालेलं पार्क ते. लहानपणी तिथे गेलेली माणसं आता नातवंडांना घेऊन जातात, आणि पूर्वीच्या नाश्त्याची सर आताच्याला नाही म्हणून हळहळतात.

बाकीचे हसले. मला मात्र ते एकदम पटलं. कारण नागपुरात वाढलेल्या माझ्या पिढीला विचारा, वॉटर पार्कचं काय आठवतं? घसरगुंड्या सगळ्या सारख्याच असतात हो. निळ्या, पिवळ्या, आणि पाठ सोलवटणाऱ्या. आठवतो तो नाश्ता. आमच्याकडे मिकी नव्हता, पण कॅरेक्टर्सना तोटा नव्हता!

आधी एक गोष्ट नागपूरबाहेरच्यांसाठी. आमच्याकडे समुद्र नाही. कुठल्याही दिशेला निघा, शेकडो किलोमीटर नाही. आणि उन्हाळा कसा, तर मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर जाऊन आला होता. एप्रिल लागला की कूलरमध्ये नवीन वाळा, तोंडाला दुपट्टा, बाहेर पडताना खिशात कांदा. (हसू नका. ऊन लागू नये म्हणून कांदा जवळ ठेवायचा, हे आमच्याकडे एमबीबीएस झालेलेही ऐकतात.) अशा गावात कुणी 'पाण्यात खेळायला जायचं का?' विचारलं की पोरं रात्रभर झोपत नाहीत. आणि असं कुठेही जायचं तर पहाटेच निघायचं, कारण दहानंतर रस्ता तव्यासारखा तापतो. पहाटे निघायचं म्हणजे नाश्ता बाहेरच. सगळी गंमत इथूनच सुरू होते.

माझा पहिला थीम पार्क नाश्ता शाळेच्या ट्रिपचा. स्थळ क्रेझी कॅसल, अंबाझरी तलावाच्या अगदी शेजारी. बसमध्ये प्रत्येकाच्या हातात एक पुडकं आलं : वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक आलूबोंडा, लाल चटणीची गाठ मारलेली पिशवी, आणि एक केळं. बोंडा थंड, केळं गरम. चटणीची पिशवी दातानं फोडायची आणि ती नेमकी पुढच्या बाकावरच्या मुलीच्या स्कर्टवर उडायची. पण त्या बोंड्याची चव! मोहरी, हळद, हिरवी मिरची, आणि वर्तमानपत्राच्या शाईचा थोडासा वास. नंतर कितीतरी चांगल्या ठिकाणी बोंडे खाल्ले, तो वास काही कुणाला जमला नाही.

क्रेझी कॅसल आता नाही. पार्क बंद झालं, जवळून मेट्रो धावते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे धो धो पाऊस पडून अंबाझरी ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा त्या भागाचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं. माझ्या मावसभावाच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. तोही तसल्या रात्री म्हणाला, "आपण इथंच पाणी पाहायला तिकीट काढून येत होतो ना बे!" नागपुरी माणूस आहे, काय करणार.

पण माझा खरा लाडका नाश्ता त्याच्याही पुढे, शहराबाहेर. अमरावती रोडनं वाडी सोडायची, गोंडखैरी सोडायची, की मग येतं बाजारगाव. तिथलं 'फन अँड फूड व्हिलेज' म्हणजे २००४-०५ च्या सुमारास आमच्यासाठी साक्षात परदेश! मी तेव्हा आठवी-नववीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक रविवार ठरलेला. बाबांची मारुती ओम्नी, तिच्यात आम्ही आठ-नऊ जण : आई-बाबा, ताई, मी, मामा-मामी, त्यांची दोन पोरं, आणि कधीकधी आजी. आजीला पाण्यात उतरायचं नसे, पण नाश्ता तिला चुकवायचा नसे.

बाबांचा नियम एकच : साडेपाचला गाडी हलली पाहिजे. परिणाम असा की, आम्ही पोचायचो तेव्हा गेट उघडायला भरपूर वेळ असायचा. आई दरवर्षी चिडायची, बाबा दरवर्षी म्हणायचे, "मग नाश्ता कधी करणार?"

नाश्त्याचे दोन भाग. पहिला भाग आईचा डबा. तिखट-मिठाच्या पुऱ्या, आलूची कोरडी भाजी, कांदा-कैरीची चटणी आणि थर्मासमध्ये पन्हं. हे सगळं गेटच्या बाहेरच संपवावं लागायचं, कारण बाहेरचे खाद्यपदार्थ आत न नेण्याचा नियम थिएटरपासून वॉटर पार्कपर्यंत सगळीकडेच असतो. ओम्नीला बॉनेट नसतं. त्यामुळे डिकी उघडायची, तिच्या दाराच्या सावलीत सतरंजी टाकायची आणि आजीला मध्ये बसवायचं. अशा दहा-बारा गाड्या, दहा-बारा सतरंज्या. या सतरंजीवरून त्या सतरंजीवर लोणचं जायचं, तिकडून खाकरा यायचा. एका गुजराती कुटुंबाची आणि आमची ओळख अशीच झाली. आजही दिवाळीला फोन असतो.

आणि दुसरा भाग. तो मात्र गेटपाशी नाही, त्याच्या अलीकडे, हायवेच्या कडेला एका टिनाच्या शेडखाली. तर्री पोहे!

तर्री पोहे म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायची सोय नाही आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. तरी प्रयत्न करते. पुण्याकडचे पोहे गोडसर, वर खोबरं, कडेला लिंबू, सगळं कसं सभ्य. आमच्याकडे पोहे म्हणजे नुसता पाया. त्यावर ओतायचा काळ्या चण्यांचा रस्सा. सुकं खोबरं, खसखस, धने, दगडफूल हे सगळं भाजून वाटलेलं, आणि वर तेलाचा लाल तवंग. तोच तवंग म्हणजे तर्री. तुमच्या मिसळीचा कट असतो ना, त्याचा नागपुरी मोठा भाऊ समजा. वरून चिवडा, कच्चा कांदा, लिंबू आणि मूठभर सांबार. (सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं ते वेगळं. या एका शब्दापायी पुण्यात माझी पहिली रूममेट आणि मी दोन दिवस भांडलो होतो.) कस्तुरचंद पार्कपाशी सकाळी उभे राहा, वकील, हमाल, कॉलेजची पोरं, सगळे एकाच कढईभोवती नाकातून पाणी काढत खाताना दिसतील.

पण त्या शेडखालच्या मावशींची तर्री वेगळी होती. दाट. इतकी की द्रोण तिरका केला तरी घरंगळायची नाही. चणा अगदी लोण्यासारखा, तोंडात घातला की विरघळलाच. तिखट लगेच कळायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला मागून कुणीतरी टपली मारल्यासारखं यायचं. मामा रुमाल डोक्यावर टाकून खायचा. आजीला तिखट झेपत नसे, पण ती बोटानं तर्री चाटून बघायची आणि दरवर्षी एकच निकाल द्यायची, "हिनं खसखस चांगली भाजली आहे."

मावशींकडे प्लेट नव्हती. पळसाच्या पानांचे द्रोण होते, नाहीतर कागद. खाऊन झालं की टोपलीत टाकायचे. आणि त्यांच्याकडे दुसरी एक गोष्ट मिळत नसे : पाणी. तिखट लागून पोरं तोंड उघडी टाकून बसायची, आणि मावशी हसत म्हणायच्या, "पानी नाई मांगाचं बाबू. पोहे मांग, चना मांग." मग आम्ही गाडीकडे पळायचो. आमची बाटली गाडीत.

गाडीत आणखी एक गोष्ट असायची. मागच्या सीटखाली, पाय ठेवायच्या जागी, दोन मोठे पांढरे कॅन. पाण्यानं काठोकाठ भरलेले. मी सगळ्यात लहान, म्हणून माझे पाय नेहमी कॅनवर, गुडघे हनुवटीला. वळण आलं की झाकणातून गार पाणी चपलेवर सांडायचं. जाताना भरलेले असायचे, येताना रिकामे. ओम्नी गरम व्हायची, बाबा रेडिएटरमध्ये पाणी घालायचे, आणि तसंही बाबा दहा वस्तू जास्तीच्या घेणारे गृहस्थ. टॉर्च, दोरी, इनो. कॅनबद्दल विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

नाश्त्यानंतर आईचा कायदा : तासभर पाण्यात उतरायचं नाही, पोटात कळ येते. मग आत गेल्यावर आम्ही आधी कोरड्या राइड्स संपवायचो आणि शिरायचो स्नोडोममध्ये. बाहेर मे महिना, आत बर्फ! भाड्याचे जाड कोट, त्यांच्या बाह्यांमधून लोंबणारे आमचे हात, आणि नाकातून निघणारी वाफ पाहून वेडी झालेली पोरं. पोटातली तर्री तिथे कामी यायची. मामा म्हणायचा, "हा आपला इनबिल्ट हीटर आहे." कोट परत करून बाहेर आलं की ऊन असं अंगावर यायचं, जणू कुणी भट्टीचं दार उघडलं.

एवढीच ही गोष्ट असती तर मी ती कँटीनमध्ये सांगून मोकळी झाले असते. पण दोन वर्षांपूर्वी ताईच्या मुलीनं, माझ्या भाचीनं, अकरावीला समाजशास्त्र घेतलं. एका संध्याकाळी ती एनसीईआरटीचं एक जुनं पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. कुठल्याशा सिनियरकडून आणलेलं, कोपरे दुमडलेलं. "मावशी, हे बाजारगाव म्हणजे आपलंच का गं? तुम्ही नाश्त्याला जायचात ते?"

तेच होतं. पी. साईनाथ यांनी जून २००५ मध्ये 'द हिंदू'मध्ये लिहिलेला रिपोर्ट नंतर त्या पाठ्यपुस्तकात आला होता. विदर्भात पाऊस नाही, पण 'बर्फ' आणि वॉटर पार्क आहेत, अशा आशयाचं शीर्षक. आमचं पार्क नावासकट. बाहेर ४७ अंश, स्नोडोममध्ये उणे १३. बर्फ टणक ठेवायला रोजचे चार हजार रुपये नुसते विजेचे. पाण्याच्या घसरगुंड्या अठरा प्रकारच्या. आणि त्याच बाजारगावात सरकारी विहीर एक. पाणी कधी चार-पाच दिवसांनी, कधी दहा दिवसांनी. पाण्यासाठी बायकांच्या दिवसभर खेपा, त्याही कित्येक किलोमीटरच्या.

मी तो उतारा दोनदा वाचला. २००५ चा जून, म्हणजे आमच्या त्या वर्षीच्या रविवारनंतर जेमतेम महिना. आम्ही ज्या बर्फात मूठ घालून एकमेकांच्या कॉलरमध्ये टाकत होतो, तोच बर्फ. पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत आपलं बालपण सापडलं की कसं वाटतं, हे कुणाला समजावणं कठीण आहे. भाची मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती पेन्सिलनं खुणा करत होती. तिला परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहायचं होतं. तिचा पुढचा प्रश्न एकदम प्रॅक्टिकल : "मग त्या पोहेवाल्या आजी पाणी कुठून आणायच्या?"

आम्ही दोघी बाबांकडे गेलो. बाबा टीव्हीसमोर मटार सोलत होते.

"कुठून म्हणजे?" ते म्हणाले. "आपणच नेत होतो ना. दोन कॅन."

मी बघतच राहिले. मग हळूहळू एकेक निघालं. म्हणजे आम्ही विचारत गेलो, ते मटार सोलत सांगत गेले. पहिल्या वर्षी गाडी गरम झाली म्हणून शेडपाशी थांबवली, मावशींकडे रेडिएटरसाठी पाणी मागितलं. त्यांनी दिलं. तांब्याभर, पण दिलं. बाबा इंजिन थंड व्हायची वाट बघत बसले तेव्हा त्यांनी पाहिलं की, शेडमागे एकच ड्रम आहे आणि तो तळाला गेलाय. "चणे भिजवायला पाणी लागते, शिजवायला लागते, पोहे धुवायला लागते. भांडे घासायचं तर सोडूनच दे. आणि मी माणूस त्यातलं गाडीत ओतून आलो." पुढच्या खेपेला ते दोन कॅन भरून घेऊन गेले. तुम्ही पोरं आणि तुमची आई गेटपाशी सतरंजी टाकायचात, तेव्हा मी 'गाडी वळवून आणतो' म्हणून मागे जायचो आणि ड्रममध्ये ओतून यायचो, म्हणाले. मावशींनी पोह्यांचे पैसे कधी सोडले नाहीत, यांनी कधी कमी दिले नाहीत. फक्त तर्री दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कितीही. आणि सुट्टी संपताना आईसाठी तर्रीच्या मसाल्याची एक पुडी.

ती पुडी मला आठवते! आई ती डब्यात ठेवायची आणि पावसाळ्यात एकदाच काढायची.

"मग सांगितलं का नाही कधी?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? आपल्या घरी नळाला पाणी होतं." झालं. एवढं बोलून ते मटाराकडे वळले. भाचीनं विचारलं, हे उत्तरात लिहू का? तर म्हणाले, "पुस्तकात आहे ते लिही. मार्क त्याचेच मिळतील."

त्यांचं बरोबरच होतं. दोन कॅननी बाजारगावाची तहान भागत नाही, आणि बाबांनाही तसं कधी वाटलं नसणार. नागपूरच्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, तेही आमचं कुणाचं कर्तृत्व नाही. पण तेव्हापासून त्या तर्रीचा विचार मी वेगळाच करते. ती इतकी दाट का होती? आई म्हणते, खोबरं जास्त. आजीचा निकाल खसखशीच्या बाजूनं. माझं मत मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटतं, तिथे रस्सा वाढवायला पाणी घालणं ही चैन होती. नागपुरात गिऱ्हाईक वाढलं की कढईत एक मग पाणी जातं, हे तर आपण डोळ्यांनी बघतो. मावशींच्या कढईत तो मग कधी गेलाच नसावा.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही परत त्या रस्त्यानं गेलो. ओम्नी केव्हाच विकली. आता माझी हॅचबॅक, मी ड्रायव्हिंगला, बाबा शेजारी, मागे आई आणि भाची. पार्कमध्ये जायचं नव्हतं, नाश्ता करून परत फिरायचं होतं. साडेपाचला निघालो (नियम म्हणजे नियम). बाजारगावचं नाव आता भाचीच्या मित्रमैत्रिणींना वेगळ्याच कारणानं माहीत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ जण गेले, ते त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. वॉटर पार्क तिच्या पिढीसाठी दुसऱ्या क्रमांकावर.

मावशींची शेड सापडली नाही. रस्त्याची कड इतकी बदलली आहे की नेमकी जागा कुठली यावरून आई आणि बाबांमध्ये वाद झाला. शेवटी एका नव्या हॉटेलपाशी थांबलो. सिमेंटचा ओटा, फ्लेक्सचा बोर्ड, क्यूआर कोड. मालक पंचविशीतला, कानात इअरफोन. मावशींबद्दल विचारलं तर म्हणाला, "नाई माहीत काका, आम्ही आताच आलो इथं." बाबांनी मान हलवली आणि ऑर्डर न देताच हॉटेलच्या मागच्या बाजूला गेले. आई म्हणाली, बाथरूम शोधत असतील. मला ते खिडकीतून दिसत होते. मागे एक निळी टाकी होती, तिला नळ. बाबांनी नळ सोडला, पाण्याखाली हात धरला, बंद केला, परत आले. शर्टला हात पुसत बसले.

पोहे आले, कागदी प्लेटमध्ये, वर स्टीलच्या चमच्यानं ओतलेला रस्सा. चणे मोजून आठ. तर्री पातळ होती. बाबांनी दोनदा मागून घेतली.